लुकलुकायचं सोडून दिवा नुसताच जळतो!

प्रश्न : ९ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी जोडला, क्षणात गेला. मित्राने बटण सेलवर रेझिस्टर (करंट रोखणारा सुटा भाग) न लावता जोडलेला मात्र तासन्‌तास चालला. असं का? (सातारा)

लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. त्यापुढे व्होल्टेज थोडं जरी चढलं तरी करंट भसाभस वाढतो. मित्राचा एलईडी वाचला यात त्याची हुशारी काही नाही. सीआर२०३२ सारख्या ३ व्होल्टच्या सेलचा अंतर्गत रोधच इतका असतो, की तो बिचारा जास्त करंट देऊच शकत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी मात्र गणित करावं लागतं. ९ वजा २, उरले ७ व्होल्ट; ते रेझिस्टरने झेलायचे. करंट १५ मिलिॲम्पिअर पुरे. ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम. दुकानात ४७० चा मागा, पाव वॅटचा. त्यावरचे रंगीत पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. पांढरा किंवा निळा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो, तेव्हा आकडा पुन्हा काढा.

प्रश्न : ५५५ आयसीचा (टायमर चिपचा) फ्लॅशर ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर, लावला. एलईडी लुकलुकत नाही, सतत पेटलेला राहतो. १० के आणि ६८ के रेझिस्टर आकृतीप्रमाणेच आहेत. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) मिळाला नाही, म्हणून १०३ छापलेला लावला. आयसी बदलली, तरी तेच. (नांदेड)

आयसी निर्दोष आहे, आधीचीही जपून ठेवा. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेली ही आयसी भलती चिवट आहे. चोर तो कपॅसिटर! १०३ म्हणजे १० वर तीन शून्यं, आणि तीही पिकोफॅरडमध्ये, म्हणजे मायक्रोफॅरडच्या दहा लाखाव्या भागात. म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड, हवा होता त्याचा हजारावा भाग. योग्य कपॅसिटरवर दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकला असता. आता तो जवळजवळ हजारदा लुकलुकतोय. डोळ्याला ते कळत नाही, कानाला कळेल. आयसीची ३ नंबरची पिन आणि ग्राउंड (बॅटरीचं ऋण टोक) यांच्यात पिझो चकती (विजेवर आवाज करणारी) जोडा, शिट्टी ऐकू येईल. (मला तर ही चूक तुमच्या फ्लॅशरपेक्षा जास्त आवडली.)

१० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावताना पट्ट्याकडचा पाय ग्राउंडला. आणि पुढचा सुटा भाग विकत घेण्याआधी साधा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजणारं यंत्र) घ्या. मोठ्या ब्रेडबोर्डवर सप्लायची रांग कधीकधी मध्येच तुटलेली असते, तेही त्यानेच कळतं. फक्त करंटच्या सेटिंगवर ठेवून त्याची टोकं थेट बॅटरीला लावू नका. मी लावली होती, फ्यूज गेला.

प्रश्न : सोल्डर चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतो. (चिपळूण)

तुम्ही सोल्डर वितळवून वरून सोडताय. आधी तारेचा पाय आणि पट्टी दोन्ही सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तापवा, मग सोल्डर जोडाला लावा, आपोआप पसरेल. टोक काळं पडलं तर ओल्या स्पंजवर पुसून लगेच ताजा सोल्डर चढवा. पॉलिशपेपर नको, वरचा मुलामा जातो. ६०/४० सोल्डरमध्ये शिसं असतं, जेवणाआधी हात धुवा.

प्रश्न : शिकण्यासाठी जुना मोबाइल चार्जर उघडू का? (इयत्ता नववी, लातूर)

नको. घरातली २३० व्होल्टची लाइन आत गेली, की मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. सध्या सेलवरचं बंद खेळणं, टॉर्च किंवा एफएम रेडिओ उघड. सेल आधी बाहेर काढ.