जनुक बदललं की जनुकाची अभिव्यक्ती?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न: “झेब्राफिशवरच्या लेखात मी लिहिलं, ‘एडीएचडी या लक्ष न लागण्याच्या, अतिचंचलतेच्या विकारावरच्या गोळीने माशांच्या मेंदूतल्या जनुकांची अभिव्यक्ती बदलली.’ मुलगा हसत सुटला. मासे कविता करतात का म्हणाला. त्याऐवजी ‘जनुकं बदलली’ चालेल का?”

ताई, अजिबात नको. हसू परवडलं, चूक परवडणार नाही.

‘अभिव्यक्ती’ला आपण कवितेशी जखडून टाकलंय. शब्दाच्या मुळाशी ‘अञ्ज्’ हा धातू आहे, डोळ्यांतल्या अंजनाचाच. व्यक्त होणं म्हणजे दिसू लागणं. सांख्यांचं व्यक्त-अव्यक्त आठवा. तिथे कुणी मनोगत मांडत नाही. जनुकात दडलेली माहिती पेशीत आरएनए (जनुकाची कामापुरती नक्कल) आणि प्रथिनांच्या रूपाने प्रकट होते, म्हणून अभिव्यक्ती. नेमका शब्द आहे.

‘जनुकं बदलली’ म्हटलं की वाचक उत्परिवर्तन (म्युटेशन), म्हणजे जनुकाच्या रचनेतलाच बदल समजणार. ते वेगळंच प्रकरण. चिनी संशोधकांचा 2015 सालचा एक प्रयोग दोन्ही गोष्टी एकाच माशात दाखवतो. जैविक घड्याळातलं ‘पर-वन-बी’ हे जनुक निकामी असलेले झेब्राफिश त्यांनी घेतले. इथे जनुकच बदललेलं. परिणामी डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन मोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक, जे स्वतः धडधाकट होतं, जास्त व्यक्त होऊ लागलं. इथे बदलली ती अभिव्यक्ती. डोपामिन घटलं आणि मासे अतिचंचल झाले. (मासा मुळातच चंचल, त्यात ‘अति’ कसं ठरवायचं? सोबतचे निरोगी मासे तेवढ्याच वेळात किती अंतर पोहतात, त्याच्याशी ताडून.) मिथाइलफेनिडेट दिल्यावर, म्हणजे एडीएचडीवरचं आपल्या ओळखीचं रिटालिन, ते शांत झाले. तरी मोडकं जनुक मोडकंच राहिलं. हे औषध पेशींबाहेर आलेलं डोपामिन परत आत खेचलं जाऊ देत नाही, एवढंच.

‘जनुकं चालू-बंद झाली’ हा वर्तमानपत्री पर्यायही मला खटकतो. बटणापेक्षा कंदिलाची वात जवळची: थोडी वर, थोडी खाली. प्रयोगात मोजतात तेही आरएनएचं कमी-जास्त प्रमाणच.

तेव्हा पहिल्या उल्लेखाला “गोळीने माशांच्या मेंदूतली काही जनुकं जास्त, काही कमी व्यक्त होऊ लागली” असं लिहा. क्रियापदात आलं की कविता आठवत नाही. पुढे खुशाल ‘अभिव्यक्ती’ वापरा.