मुलाच्या घरी बिहेवियर थेरपीच्या सेशनला जाणार आहेस ना, मग हे आधी वाच

अगं, गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीतरी हमखास विचारणार, "तू त्यांच्या मुलाकडे जातेस ना, बोलायला लागला का तो?" तिथे जातेस की नाही हेसुद्धा सांगायचं नाही, हसून विषय बदल. फोटो स्टेटसला अजिबात नको, पाठमोरा असला तरी. चवथीला ताटलीभर नेवऱ्या दिल्या तर घे, पाकीट मात्र नाही, आरबीटीच्या (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन, म्हणजे सुपरवायझरच्या हाताखाली ही थेरपी देणारे) २०२२पासूनच्या एथिक्स कोडात, म्हणजे आचारसंहितेत, १० डॉलरच्या वरची भेट चालत नाही. आणि डेटा, म्हणजे सेशनमध्ये मुलाने काय किती वेळा केलं ते, तिथल्या तिथे लिही गं, रात्री आठवून भरलेले आकडे म्हणजे निव्वळ अंदाज आणि त्यावरच सुपरवायझर मुलाचा पुढचा प्लॅन ठरवते. मुलाची आई म्हणाली हे टार्गेट (शिकवायची गोष्ट) सोड, तर प्रेमाने सांग सुपरवायझर मॅडमना विचारते, स्वतःहून बदलू नको.