मॉलमधला गाळा राहू द्या, आधी माळा रिकामा करा

बेळगावच्या गणपत गल्लीत कापड दुकान चालवणाऱ्या 46 वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. शहराबाहेर नवं शॉपिंग सेंटर होणार म्हणून पेठेत दोन तट पडलेत. व्यापारी संघटना म्हणते हरकती नोंदवा, मुलगा म्हणतो तिथेच गाळा घ्या. 300 चौरस फूट, 36 लाख. ताबा देईपर्यंत बिल्डर 9 टक्के ‘हमी भाडं’ देणार. सौहार्द सोसायटीतली (सहकारी पतसंस्थेतली) 14 लाखांची ठेव मोडून 22 लाखांचं कर्ज काढू का, असा प्रश्न.

नको. 300 फूट हा सुपर बिल्टअप (भिंती, जिने, सामायिक जागेचा वाटा धरून) आकडा, कार्पेट (आत प्रत्यक्ष वापरायची जागा) 180 असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे फुटाला 20 हजार. वर जीएसटी 12 टक्के आणि मुद्रांक-नोंदणी साडेसातच्या आसपास. हे 7 लाख तुमच्या हिशेबात नाहीतच. 22 लाखांचा हप्ता, 11 टक्क्यांनी दहा वर्षं, महिना 30 हजार. हमी भाडं 27 हजार, म्हणून ‘हप्ता परस्पर फिटतो’ हे एजंटाने तुमच्या गळी उतरवलंय. इमारतच उभी नाही तर भाडं देणारा भाडेकरू कुठला? तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळणार. गाळ्यांची विक्री थंडावली की तेही बंद, हप्ता मात्र चालू. शिवाय ‘रेरा नोंदणी (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडची) लवकरच’ म्हणत 2 लाख टोकन मागितलंय. नोंदणीआधी बुकिंग घेणंच काय, जाहिरात करणंही कायद्यात बसत नाही. टोकन देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: विक्री वर्षाला 90 लाख, माल 48 लाखांचा, 20 लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं काढायचं-भरायचं बँकेचं कर्ज) 12 टक्क्यांनी ‘नेहमी फुलच’, त्यासाठी घर तारण.

नफा 22 टक्के धरला तर वर्षाला 70 लाखांचा माल खपतो. 48 लाख म्हणजे आठ महिन्यांचा साठा. लग्नसराई धरूनही चार महिन्यांचा पुरे. उरलेले 24 लाख माळ्यावर झोपलेत आणि त्यांच्यापायी सीसीचं व्याज जातंय वर्षाला 2 लाख 40 हजार, महिन्याला 20 हजार. दुकानाचं भाडं 22 हजार. म्हणजे जवळजवळ दोन गाळ्यांचं भाडं तुम्ही आजच भरताय, तेही मॉलची वीट पडण्याआधी.

हे होतं कसं? घाऊकवाला 60 दिवसांची उधारी देतो म्हणून पूर्ण सेट उचलायचा. चालते रंग आणि साइझ महिन्यात संपतात, बाकीचे राहतात. पुढच्या सीझनला पुन्हा पूर्ण सेट.

तुमचा पडून असलेला माल बहुतेक रेडिमेड शर्ट-पँट आहे. मॉलचा फटका नेमका त्यालाच बसतो. लग्नाचा बस्ता बांधायला खानापूर, हुक्केरीहून बसने येणारी मंडळी पेठेतच येतील. गोव्याचं गाडीवालं गिऱ्हाईक मात्र पार्किंगसाठी तिकडे वळेल. त्याची तयारी ठेवा.

म्हणून येत्या पंधरा दिवसांत प्रत्येक नगावर खरेदीचा महिना लिहा. सहा महिन्यांहून जुना माल वेगळा काढा. पहिला महिना 20 टक्के सूट, दुसरा 40. तरी उरला तो आठवडी बाजारात बसणाऱ्यांना अर्ध्या भावात एकगठ्ठा. 24 लाखांचे 15-16 लाख येतील. आठ लाखांचा तोटा बघून पोटात गोळा येईल, पण तो झालेलाच आहे, फक्त ताळेबंदात लिहिलेला नाही. आलेले 15 लाख सीसीत भरा.

सोसायटीतल्या ठेवीचंही ऐका. 10.5 टक्के मिळतात म्हणून खूश आहात आणि 12 टक्क्यांनी कर्ज घेताय! बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. मुदत संपताच 5 लाख सीसीत भरून ती शून्यावर आणा, उरलेले 9 लाख दोन बँकांत निम्मे-निम्मे ठेवा. सीसी बंद मात्र करू नका, लग्नसराईच्या खरेदीला ती लागेल.

दोन एंडोमेंट (मुदतीअखेर पैसे परत देणाऱ्या) विमा पॉलिसींना वर्षाला 1 लाख 20 हजार भरता आणि विमा सगळा मिळून 18 लाखांचा. उद्या काही झालं तर त्यात सीसीसुद्धा फिटत नाही, घर तारण आहे. विकणाऱ्याने याला ‘बचत’ म्हटलं असेल. आधी एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा) घ्या, तब्येतीनुसार वर्षाला 25 ते 40 हजारांत बसेल. तो हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा.

आणि सध्याचा गाळा. करार 11 महिन्यांचा, जागा 350 फूट. 14 चौरस मीटर, म्हणजे साधारण 150 फुटांपेक्षा मोठ्या व्यापारी जागेला कर्नाटक भाडे कायदा 1999 चं संरक्षण नाही. मालकाने उठ म्हटलं तर तुमच्याकडे फारसं काही नाही. पाच वर्षांचा करार, वर्षाला 5 टक्के वाढ, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून मागा. मॉलच्या बातमीने मालकही घाबरलाय, तेव्हा हे बोलणं याच महिन्यात उरका.