राज्यसभेचा अभ्यास कशासाठी?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र शिकते. पुढे संसदेच्या कामकाजाशी संबंधित काम करण्याची इच्छा आहे. खरे अधिकार लोकसभेकडेच असतील, तर राज्यसभेच्या अभ्यासाला एवढा वेळ का द्यावा?

उत्तर : तुमच्या प्रश्नातील अर्धा भाग बरोबर आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या फक्त लोकसभेला जबाबदार असते, धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाविषयीचे विधेयक) तेथेच मांडले जाते आणि राज्यसभेने ते 14 दिवसांत परत केले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानले जाते. साध्या विधेयकावर मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावता येते आणि तेथे लोकसभेचे संख्याबळ निर्णायक ठरते. अशा बैठकीत आजवर 1961, 1978 आणि 2002 मध्ये मिळून तीनच विधेयके संमत झाली आहेत.

घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीचा मार्ग उपलब्ध नाही. प्रत्येक सभागृहाने ती स्वतंत्रपणे विशेष बहुमताने (एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मते) संमत करावी लागते. म्हणूनच पंचायतराज संस्थांना घटनात्मक दर्जा देणारे 64वे घटनादुरुस्ती विधेयक 1989 मध्ये लोकसभेत संमत होऊनही राज्यसभेत अडले, आणि आपल्या ग्रामपंचायतींना तो दर्जा मिळण्यासाठी 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागली. शिवाय राज्यसूचीतील (राज्यांच्या अखत्यारीतील) विषयावर संसदेने राष्ट्रहितासाठी कायदा करावा किंवा नवी अखिल भारतीय सेवा (आयएएस, आयपीएससारखी) निर्माण करावी, असा ठराव फक्त राज्यसभाच दोन-तृतीयांश मतांनी करू शकते. तुमच्यापैकी अनेकांना ज्या सेवांमध्ये जायचे असते, त्यांच्याशी हा अधिकार थेट जोडलेला आहे, हे अभ्यास करताना सहसा लक्षात घेतले जात नाही.

तेव्हा कोणते सभागृह श्रेष्ठ, असे न विचारता कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अखेरचा, असे विचारावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमध्ये संसदेचे अधिकार व कामकाज हा घटकच आहे. त्याखेरीज दोन्ही सभागृहांची सचिवालये स्वतंत्र असून त्यांची भरतीही वेगळी होते, आणि पदवीनंतर खासदारांसोबत संशोधनाचे काम करण्यासाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या कायदेमंडळाच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. या कामांसाठी इंग्रजी वाचन आणि नेमके लेखन आवश्यक आहे. त्याची तयारी आताच सुरू करा. या सुट्टीत 64व्या विधेयकावरील दोन्ही सभागृहांतील चर्चा मिळवून वाचा आणि राज्यांच्या अधिकारांविषयी सदस्यांनी कोणते आक्षेप घेतले, याचे दोन पानी टिपण स्वतःच्या शब्दांत लिहा.