'गरिबी', 'दारिद्र्य' आणि घरची 'परिस्थिती'

नाशिकरोडच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. १७ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिनाला, त्यांच्या कॉलेजात भित्तिपत्रकांचं प्रदर्शन आहे. विषय, जगातल्या गरिबीचे प्रकार आणि कारणं. मथळ्यावरूनच वर्गात दोन तट पडले. काही मुलं म्हणतात, 'दारिद्र्य' लिहा, तो आपला शब्द, 'गरीब' बाहेरून आलेला. बाकीच्यांचं म्हणणं, गरिबी म्हणजे थोडी, दारिद्र्य म्हणजे फार, तेव्हा दोन्ही आपापल्या जागी वापरा. जाता जाता ताईंनी हेही विचारलंय की 'अठराविश्वे दारिद्र्य' यातले विश्वे कुठले.

ताई, थोडी आणि फार हा फरक मला पटत नाही. 'अतिशय गरिबी' आपण सर्रास म्हणतो आणि त्यात काही खटकत नाही. फरक आहे तो बोलणारा कोण, यात. "आम्ही गरीब माणसं" हे माणूस स्वतःबद्दल म्हणतो, कधी तर थोड्या अभिमानानेही. "मी दरिद्री आहे" असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. दरिद्री ही दुसऱ्याला दिलेली शिवी आहे. दळभद्री, दलिंदर ही तिचीच गावाकडची भावंडं. 'वैचारिक दारिद्र्य' आपण म्हणतो, 'वैचारिक गरिबी' कानाला लागतं, कारण तिथे हिणवायचंच असतं. उलट 'गरीब' शब्दात मराठीने मवाळपणा घालून ठेवलाय. गरीब गाय म्हणजे न मारणारी गाय. तिच्या मालकीचं काय आहे याचा संबंध नाही. गरीब स्वभावाच्या माणसाकडे चार एकर द्राक्षबाग असू शकते.

आता आपला आणि परका. 'गरीब' अरबी, फारसीमार्गे आलेला, हे खरं. पण अरबीत त्याचा अर्थ निर्धन असा नाही. तिथे गरीब म्हणजे परका, मुलूख सोडून आलेला, म्हणून विचित्रसुद्धा. 'अजीबोगरीब'मधला गरीब तो हाच. सूर्य मावळतो ती मगरिब याच धातूतली. निर्धनाला अरबीत शब्द आहे फकीर, आणि तो आपण उचलून साधूला दिला! 'गरीबगुरबा'तला गुरबा हा तर जेवणबिवणसारखा नुसता नादाचा जोड वाटतो, पण ते गरीबचं अरबी अनेकवचन आहे.

संस्कृतकडे गेलं तरी माणूस रस्त्यावरच भेटतो. धातुपाठात 'दरिद्रा दुर्गतौ' असा धातू दिलाय, आणि त्याच्या मागे 'द्रा' हा धावण्यापळण्याचा धातू आहे, 'द्रा कुत्सायां गतौ', वाईट तऱ्हेने जाणं. तो दुहेरी होऊन दरिद्रा झाला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सारखा इकडून तिकडे वणवणणारा तो दरिद्र. एक शब्द अरबस्तानातला, एक इथला, आणि दोघांनाही पहिल्यांदा जो दिसला तो घर सोडून हिंडणारा माणूस. त्यामुळे आपला-परका या मुद्द्यावर मुलांनी भांडू नये, दोन्ही शब्दच परक्या माणसाबद्दलचे आहेत.

मला यात पुस्तकी गंमत वाटत होती, ती दोन वर्षांपूर्वी पिंपळगावच्या बाजूला एका मित्राच्या बागेत गेलो तेव्हा निवली. जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या सुरगाण्याकडची चार कुटुंबं कामाला होती, बागेच्या कडेला ताडपत्रीची झोपडी. मी आपला विचारायचं म्हणून एका बाईंना विचारलं, इकडे कधी आलात? त्या म्हणाल्या, "भात काढला न् जगायला आलो." पेठ-सुरगाण्याकडे स्थलांतर हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो, 'जगायला जाणे' असतं. भाताचं एक पीक, पाऊस संपला की पाणी नाही, मग निफाड-दिंडोरीच्या बागा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला हंगामी दारिद्र्य म्हणतील, कारण म्हणून सिंचनाचा अभाव लिहितील, आणि ते बरोबरच आहे. पण त्या बाईंच्या एका वाक्यात प्रकारही आहे आणि कारणही.

प्रकारांचं म्हणाल तर शास्त्रातली नावं भाषांतरित आहेत, आणि ती नीट कळली तर घरातले शब्द त्यांच्याशेजारी ठेवता येतात. पहिलं निरपेक्ष दारिद्र्य: जगण्याच्या किमान गरजाही न भागणं. जागतिक बँकेने १९९० साली यासाठी दिवसाला एक डॉलरची रेषा धरली, ती १.२५, १.९०, २.१५ अशी सरकत जून २०२५ मध्ये ३ डॉलरवर आली. मुलांना हे आवर्जून सांगा की हा बँकेतला डॉलरचा भाव नव्हे. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढं येईल तेवढं आपल्याकडे घ्यायला जे रुपये लागतील ते धरायचे. या रेषेखालची निम्म्याहून अधिक माणसं आज सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. आपल्याकडे या अवस्थेला 'खायला कोंडा, निजेला धोंडा' म्हणतात.

दुसरं सापेक्ष दारिद्र्य, म्हणजे आजूबाजूच्यांच्या मानाने मागे असणं. युरोपीय संघात मध्यम उत्पन्नाच्या, म्हणजे उतरंडीत बरोबर मधोमध येणाऱ्या उत्पन्नाच्या, ६० टक्क्यांहून कमी मिळकत असेल तर दारिद्र्याचा धोका मानतात. त्या घरात फ्रीज असेल, हीटर असेल, पण शाळेच्या सहलीचे पैसे भरताना आई गप्प होत असेल. आपल्याकडे हिला लंकेची पार्वती म्हणतात: पोट भरलेलं, पण लग्नघरात गळा-हात मोकळे म्हणून कोपऱ्यात बसलेली. सोन्याच्या लंकेत आहे म्हणूनच तिचं नसणं दिसतं. सापेक्ष म्हणजे काय हे याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

इंग्लंडात समाजसंशोधक राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी करून १९०१ साली आणखी एक भेद केला. मिळकतच अपुरी ते प्राथमिक. मिळकत पुरली असती पण तिचा काही भाग दुसरीकडे जातो, म्हणून ओढाताण, ते दुय्यम. त्यात दारूही आली आणि उपयोगाचा खर्चही आला. आपल्याकडे याला दवाखाना जोडावा लागेल. "दवाखान्यात घर गेलं" हे वाक्य नाशिकमध्ये कुठल्याही गल्लीत ऐकू येईल.

शिवाय मराठीत मुदतीचा हिशेब शब्दातच असतो. चणचण महिनाअखेरची, पगार झाला की संपते. तंगी थोडी लांबते. ओढगस्त म्हणजे वर्षानुवर्षं एक टोक झाकलं की दुसरं उघडं. हलाखी (अरबी हलाक, म्हणजे नाश) आली की माणूस मोडायच्या बेताला. आणि ददात फक्त नकारातच उरलीय, 'कशाची ददात नाही'. नादार हा फारसी शब्द, जवळ काही नसलेला; जुन्या शाळांत फी माफ झालेला मुलगा 'नादार' असायचा, अर्धी नादारी आणि पूर्ण नादारीही असायची. अर्थशास्त्र ज्याला तात्पुरतं आणि चिवट दारिद्र्य म्हणतं त्याच्या मधल्या सगळ्या पायऱ्या इथे आहेत. मुलांनी एक फलक याच शब्दांचा केला तर मी स्वतः बघायला येईन.

मात्र घरात या सगळ्यांवर पांघरूण घालणारा एकच शब्द असतो: परिस्थिती. "तेव्हा परिस्थिती नव्हती." "परिस्थितीमुळे शिकलो नाही." माझी आई कायम हेच म्हणायची, आणि कसली परिस्थिती असं आम्ही कधी विचारलं नाही. संस्कृतात ज्याचा अर्थ नुसती भोवतालची स्थिती, त्याला मराठी घरांनी गरिबीचं सभ्य नाव केलं.

सरकारी कागदावर मात्र दारिद्र्यच. १९७१ साली निवडणुकीच्या सभांत 'गरिबी हटाओ' गाजत होतं, आणि त्याच वर्षी पुण्यात दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी माणशी रोज २,२५० उष्मांक पदरात पडायला किती खर्च लागतो यावरून रेषा आखली: १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. सभेत गरिबी, तक्त्यात दारिद्र्य, ही वाटणी अजून तशीच आहे. पुढे नियोजन आयोगाच्या तेंडुलकर समितीने उष्मांकांचा धागा सोडला. तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी खेड्यात माणशी महिना ८१६ आणि शहरात १,००० रुपये धरले तेव्हा देशात २१.९ टक्के लोक रेषेखाली आले. रंगराजन समितीने ९७२ आणि १,४०७ धरले तर तेच २९.५ टक्के झाले. माणसं तीच, रेघ हलली. आता बहुआयामी निर्देशांकात पैशाऐवजी शिक्षण, आरोग्य, राहणीमान मोजतात. 'बहुआयामी दारिद्र्य' हा शब्द बोजड आहे, पण वस्तू खरी आहे. लोकांनी मात्र या सगळ्यातून एकच शब्द उचलला, पिवळं कार्ड.

कारणांच्या फलकावर 'आळस' लिहायचा मोह मुलांना होईल; 'दलिंदर' शब्दाने तो पिढ्यान्‌पिढ्या पोसलाय. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिशेब मांडला की हिंदी माणसाचं दरडोई उत्पन्न वर्षाला २० रुपये, आणि मग तुरुंगातल्या कैद्याच्या जेवणखर्चाशी ते ताडून दाखवलं. कारण त्यांनी दिलं, संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते. याला मराठी पुस्तकांत 'आर्थिक निःसारण' म्हणतात. आता पाहा, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलायचं त्या विधीचं नावही 'अलक्ष्मी निःसारण'. एका निःसारणात अलक्ष्मी जाते, दुसऱ्यात लक्ष्मीच! अलक्ष्मी म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, अक्काबाई. तिचा 'फेरा' येतो. तीही हिंडतीच.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवलं की १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात धान्य इतकं कमी नव्हतं, भाव चढल्यावर मजुरांची ते घेण्याची ऐपत गेली. 'ऐपत' हा शब्द फलकावर जरूर घ्या. आणि 'भूमिहीन' घ्या: दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले ते भूमिहीनांचे. 'गरिबांचा सत्याग्रह' म्हटलं असतं तर मागणी काय ते कळलंच नसतं.

अठराविश्वे उरलं. विश्वा किंवा बिस्वा म्हणजे विसावा भाग. उत्तरेत वीस बिस्व्यांचा एक बिघा. विसांपैकी अठरा विश्वे दारिद्र्य, म्हणजे बाकी दोनच. दुसरी व्युत्पत्ती सांगतात ती अठरा विसा तीनशे साठ, वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य. ऐकायला ही दुसरी छान आहे, पण मला पहिली पटते: हिंदीतही 'बीस बिस्वे' म्हणजे अगदी नक्की, ते माप तिथे अजून जिवंत आहे. विश्व म्हणजे जग याच्याशी मात्र काही संबंध नाही, तेव्हा पत्रकावर पृथ्वीगोल काढू नका.

मथळा 'जगातली गरिबी' ठेवा. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी वाचला तर त्यांना तो आपला वाटेल. आत रेषा, निर्देशांक, दुष्टचक्र येईल तिथे दारिद्र्य, ते रूढच आहे. आणि लिहिताना 'गरिबी'तला रि ऱ्हस्व, 'दारिद्र्य'मध्ये द्र ला य जोडलेला, 'दारिद्रय' नाही. 'दारिद्र्यता' तर खोडूनच टाका, त्या य मध्ये ता आधीच आलीय.