मला लस सोसत नाही

"गेल्या वेळी लस घेतली तेव्हा फार हाल झाले. आता परत घ्यायची वेळ आलीये. घेऊ की नको?"

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की दारातून आत येणाऱ्याचे खांदे बघूनच कधीकधी अंदाज येतो. विचारणारे लसविरोधी वगैरे मुळीच नसतात. पोराबाळांचे डोस त्यांनी वेळच्या वेळी दिलेले असतात. घोडं अडतं ते स्वतःच्या दंडापाशी.

त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वर्षानुवर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी, म्हणून नुसतं 'बाई'च म्हणते.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. लेकीला सातवा महिना. लेकीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाजवळ जी मोठी माणसं असणार आहेत त्यांनी डांग्या खोकल्याचा बूस्टर घेऊन टाका, बाळ हातात घ्यायच्या निदान दोन आठवडे आधी. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला जिवावर बेतू शकतो, आणि त्याची स्वतःची लस सुरू व्हायला दीड-दोन महिने जातात. बाईंना हे सगळं पाठ होतं. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "पटतं हो मॅडम. पण मला लस सोसत नाही. नातवंडाचं तोंड बघायच्या आधी मीच जायची."

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर त्या खुर्चीवरून खाली कोसळल्या होत्या. रात्री १०२ ताप. तिसऱ्या दिवशी काखेत गाठ लागली आणि पुढचे कित्येक दिवस हात तिथेच. तेव्हापासून एकही लस नाही. मधे पायात खिळा घुसला तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा टाळलं. हे सांगताना आवाज बराच खाली आला होता.

मी काय केलं? आकडे टाकले पुढ्यात. म्हटलं, बाई, लशीची जिवावर बेतणारी ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं, आणि म्हणाल्या, "आणि तो एखादा मीच असले तर?"

यावर काय बोलणार! इतकी वर्षं हे काम करतेय, तरी हा मोह सुटत नाही. घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही" म्हणणं आणि दहा लाखांचा आकडा ऐकवणं, दोन्ही एकाच माळेचे मणी. त्यांना तर काहीतरी झालं होतं. चांगलंच झालं होतं.

मग कोरा कागद पुढे सरकवला. "त्या दिवसाचं वेळापत्रक लिहा. डावीकडे घड्याळ, उजवीकडे शरीर. कोण काय म्हणालं, कशामुळे झालं, ते नको. फक्त शरीराला काय झालं तेवढंच." बाईंनी पर्समधून सहा इंची पट्टी काढली (खरंच काढली) आणि आधी समास आखला.

कागद भरायला अर्धा तास लागला. त्यातल्या काही ओळी अशा होत्या: 'रांगेत. तळहात गार. छातीत धडधड.' 'सुई. टोचलेलं कळलं नाही.' 'चौथं मिनिट. जांभया.' 'सहावं मिनिट. कानात कापूस घातल्यासारखं. घाम.' 'आठवं मिनिट. अंधारी. पडले.' 'पडल्यावर लगेच बरं वाटलं. मग कोणीतरी उठवून बसवलं. परत अंधारी.'

पण सगळ्यात वरची ओळ बघून मी थांबले. तिथे वेळ होती आदल्या रात्रीचे दोन. 'झोप नाही. पोटात गोळा.' लशीआधी बारा तास!

"याआधी कधी अशा पडला होतात का?" मी विचारलं. आधी नाही म्हणाल्या. मग थोड्या वेळाने आपणहूनच: एकदा रक्त तपासायला दिलं तेव्हा. आणि लेक लहान असताना तिच्या गुडघ्याला टाके घालत होते तेव्हा. "तेव्हा तर सुई मला नव्हतीच," असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता गप्प झाल्या. त्या दोन्ही वेळी लस कुठे होती?

मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगते. तो कागद घेऊन बाईंना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी जुनी नोंद पाहिली. त्या दिवशी नाडी मंद होती, अंगावर गांध्या नव्हत्या, ओठ-जीभ सुजले नव्हते, घशात घरघर नव्हती, आणि आडवं झाल्यावर कुठल्याही औषधाशिवाय शुद्ध आली होती. डॉक्टर म्हणाले, ही ॲलर्जी नव्हे, ही भोवळ. चार वर्षं बाईंच्या फाइलवर नुसतं 'रिॲक्शन' एवढंच लिहिलेलं होतं. त्या एका शब्दापुढे कोणी अजून दोन शब्द लिहिले असते तर खिळ्याच्या वेळचा धोका टळला असता. असो.

या भोवळीची एक गंमत आहे. बहुतेक भीतींमध्ये नाडी आणि रक्तदाब वाढतात आणि वाढलेलेच राहतात. सुई आणि रक्ताच्या भीतीत ते आधी चढतात आणि मग एकदम कोसळतात. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. पडला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि रक्त परत पोचतं, म्हणूनच बाईंना पडल्यावर बरं वाटलं आणि उठवून बसवल्यावर परत अंधारी आली. मदतीला धावलेल्याने भल्याच हेतूने केलं असेल, पण त्यांना आडवं ठेवून पाय जरा वर उचलायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये अशा प्रकाराला 'लसीकरणाच्या ताणातून आलेली प्रतिक्रिया' म्हणून वेगळं खातं दिलं.

हे समजावताना माझी जीभ थोडी घसरली. भीतीमुळे, असं मी म्हटलं, आणि बाई ताडकन म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक केलं?"

नाही हो. मग मी त्यांना २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. कोविड लशींच्या १२ चाचण्या त्यात एकत्र तपासल्या होत्या. चाचणीत काहींना खरी लस मिळते, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला कळत नाही. पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी लस मिळालेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी केल्या, आणि नुसतं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ३५ टक्के लोकांनी. ते पस्तीस टक्के खोटं बोलत नव्हते, त्यांचं डोकं दुखलंच होतं. "होणार, होणार" म्हणून शरीर वाट बघत बसलं की साधी कणकणसुद्धा मोठी होऊन येते. पण दुसऱ्या डोसनंतर हेच आकडे ६१ आणि ३२ झाले. म्हणजे लशीचा स्वतःचा वाटा तिथे चांगलाच वाढला.

"मग माझा ताप?" बाईंनी विचारलं.

तो लशीचाच असणार. लस टोचल्यावर पहिल्या फळीच्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकवतो. तिथवर पोचायला स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, त्यालाच आपण हुडहुडी म्हणतो. माझंही दुसऱ्या डोसनंतर अंग मोडून आलं होतं. दीड दिवस पांघरुणात काढला आणि त्या अवस्थेत, कण्हत्या आवाजात, दुसऱ्यांना धीर देणारे फोन घेतले. (उलट प्रश्न घेऊन येणारेही असतात: "मला तापच आला नाही, म्हणजे लस लागली नाही का?" लागलेली असते. ताप हा काही गुण देणारा परीक्षक नव्हे.)

काखेतल्या गाठीवर मात्र त्या अडून बसल्या. ती महिनाभरात विरली होती, डॉक्टरांनी त्या भागातली लसिकाग्रंथी (रोगाशी लढणाऱ्या पेशी जिथे जमतात ती गाठ) सुजली होती असं सांगितलंही होतं, तरी मनात कर्करोगच होता. तेव्हा मी त्यांना १७९६ सालची गोष्ट सांगितली. १४ मे रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला देवीची लस म्हणून गोस्तनदेवीच्या (गाईंना होणाऱ्या, देवीसारख्याच पण सौम्य रोगाच्या) फोडातला द्रव टोचला. जेन्नरने पोराची नोंद ठेवली: सातव्या दिवशी काखेत दुखू लागलं, नवव्या दिवशी थंडी वाजली, भूक गेली, डोकं दुखलं, रात्र तळमळत गेली, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा ठणठणीत.

"काखेत? त्यालाही?" बाई पुढे सरकून बसल्या. दहा लाखांच्या आकड्याने जे झालं नाही ते त्या पोराच्या काखेने केलं.

खरं काम पुढेच होतं. समजलं म्हणून भोवळ थांबत नाही. आणि इथे एक घोळ नेहमी होतो: सुईला घाबरणाऱ्याला सगळे सांगतात, "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड." ज्याला भोवळ येते त्याचा रक्तदाब आधीच खाली निघालेला असतो, त्याला सैल सोडायला सांगून कसं चालेल? लार्स-ग्योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याच्या बरोब्बर उलटी रीत बसवली. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं, पार ढिलं नाही पडायचं. असं पाच वेळा. टोचतानाचा दंड तेवढा मोकळा ठेवायचा, नाहीतर तो जास्त दुखतो.

बाई हे घरी दिवसातून तीन-चारदा करू लागल्या. माझ्याकडे आल्या की टेबलावर मी बिनसुईची सिरिंज ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर रुमाल टाकला. पुढच्या भेटीत रुमाल टाकला पण कोपरा उघडा राहिला, आणि तो त्यांनी झाकला नाही. चौथ्या भेटीत सिरिंज हातात घेऊन तिच्यावरच्या रेघा वाचायला लागल्या, आणि पुसट छपाईबद्दल तक्रार केली.

मधेच दुसऱ्या एकाबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट एकांगी होईल. विशीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. कोविड लशीच्या दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. घरचे म्हणाले मनाचे खेळ आहेत, समुपदेशकाकडे जा. मी त्याला खुर्चीवरून उठवून आधी दवाखान्यात पाठवलं. हृदयाच्या स्नायूला सूज निघाली. एमआरएनए प्रकारच्या कोविड लशींनंतर (फायझर, मॉडर्ना यांच्या) हे क्वचित होतं, बहुतेकदा तरुण मुलांमध्ये, दुसऱ्या डोसनंतरच्या आठवड्याभरात, आणि बहुतेक जण बरे होतात. तोही झाला. पण त्याच्या डोळ्यांतला राग मी विसरलेले नाही. छातीत दुखणं, दम लागणं, तोंडावर किंवा घशात सूज, अंगभर गांध्या, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, यांतलं काही असेल तर माझ्यासारखीच्या खोलीत वेळ घालवू नये. आधी डॉक्टर, मग मी. त्या मुलाला "भीती आहे" म्हणणारे आणि बाईंच्या भोवळीला "रिॲक्शन" म्हणणारे, दोघांनीही घड्याळ बघितलं नव्हतं.

बाईंनी लस घेतली त्या दिवशी मी सोबत नव्हते, मुद्दामच. टोचणाऱ्या सिस्टरना काय सांगायचं ते एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं: 'मला सुईने भोवळ येते. आडवं झोपवून द्या. नंतर अर्धा तास झोपू द्या.' म्हणे सिस्टरनी चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता पलंगावरची चादर सरळ केली. मला हे फार आवडलं.

संध्याकाळी फोन आला. चौथ्या मिनिटाला जांभया सुरू झाल्या, तशा त्यांनी मांड्या आवळल्या. कानात कापूस येतोय असं वाटलं, आला नाही. मग उरलेला वेळ छताचे पंखे मोजले. दोनच होते.

मी त्यांना या वेळीही वेळापत्रक लिहायला सांगितलं होतं, तीन दिवसांचं. आठवड्याने घेऊन आल्या. तोच आखलेला समास. पहिल्या रात्री ताप ९९.८, दंड गरम. दुसऱ्या दिवशी 'दंड खूप दुखतो, केस विंचरताना हात वर जात नाही.' तिसऱ्या दिवसाच्या समोर काहीच नव्हतं. मी विचारलं, काही झालं नाही का?

बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला. "झालं असेल हो," म्हणाल्या. "त्या दिवशी मुलीला सोनोग्राफीला घेऊन गेले होते. लिहायचं राहूनच गेलं."