बारावी पुण्यात कर, सेऊल कुठे पळून जात नाही

प्रश्न : मॅडम, मी कोरियन आहे, पण पहिलीपासून पुण्यातच शिकतेय. बाबा रांजणगावला एका कंपनीत आहेत, आम्ही खराडीत राहतो. यंदा दहावी. आई म्हणते, परीक्षा झाली की आपण दोघी सेऊलला जाऊ, तिथल्या हायस्कूलमधून सुनुंग, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, दे. त्यासाठी रोज ऑनलाइन क्लास आहे. मला वेबटून, म्हणजे मोबाइलवर वाचायची चित्रकथा, काढायला आवडतं, एक सोबत पाठवलंय. आईच्या मते तो छंद. कोरियन बोलता येतं, लिहिताना चुका होतात, मामेबहीण हसते. इथे भाजीवाल्या मावशी अजून 'चायना' म्हणतात. मी कुठली तयारी करू? अकरावीला सायन्स घेऊ का? (नाव छापू नका.)

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू सहज लिहून गेलीस : 'पहिलीपासून पुण्यातच'. हे उत्तर आईला वाचून दाखव, कारण पहिला भाग तिच्यासाठी आहे.

परदेशात शिकलेल्या कोरियन मुलांसाठी तुमच्या विद्यापीठांत वेगळा प्रवेशमार्ग असतो, आणि त्यात दोन गट असतात. पहिली ते बारावी ही पूर्ण १२ वर्षं ज्यांनी कोरियाबाहेर शिकून काढली, ते एका गटात. त्यांचे आईवडील त्या काळात कुठे होते, हे कुणी विचारत नाही. दुसरा गट नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्यांच्या मुलांचा. त्यात सातवीपासून पुढची किमान ३ शालेय वर्षं बाहेर झालेली हवीत, आणि त्यातलं एक तरी हायस्कूलचं, म्हणजे तिथल्या हिशेबाने दहावी ते बारावीतलं, हवं. या गटाच्या जागा मंजूर संख्येच्या २ टक्क्यांत बसवतात. शिवाय दिवसांचा हिशेब : त्या वर्षांत मुलाने तीन चतुर्थांश आणि आईवडिलांनी दोन तृतीयांश दिवस बाहेर राहिलेलं असावं लागतं. हे येण्या-जाण्याच्या सरकारी नोंदींवरून तपासतात. तिथे 'आजी आजारी होती' चालत नाही.

पहिल्या गटाला ती २ टक्क्यांची मर्यादा नाही, आणि तू त्या गटापासून फक्त दोन वर्षं लांब आहेस. दहावीनंतर सेऊलला गेलीस की तो गट कायमचा गेला. दुसऱ्यात दहावीचं वर्ष धरून जेमतेम बसशीलही, पण तिथे गर्दी आहे आणि आईच्या सेऊलच्या फेऱ्याही मोजल्या जातील. म्हणजे आई ज्या विद्यापीठासाठी तुला लवकर न्यायला बघते, त्याचंच जवळचं दार बंद होतंय. प्रत्येक विद्यापीठाचं नियमपत्रक वेगळं असतं, ते आईने त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावं आणि शब्द न् शब्द वाचावं. बाबांची बदली बारावीआधी व्हायची शक्यता किती, हे त्यांनाही आत्ताच विचार. सगळा बेत त्यावर आहे.

आईवर चिडू नकोस मात्र. सुनुंग असते त्या नोव्हेंबरातल्या गुरुवारी कोरियात कचेऱ्या उशिरा उघडतात आणि इंग्रजीच्या श्रवणचाचणीच्या वेळी ३५ मिनिटं विमानांची उड्डाणं थांबतात. तो दिवस पाहून मोठी झालेली बाई मुलीची काळजी आणखी कशी करणार? पण तुझा क्लास साडेपाचला का असतो, माहीत आहे ना? तेव्हा सेऊलमध्ये रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि तिथल्या खासगी क्लासना दहाला कुलूप लावावं लागतं. तिथल्या घड्याळावर तू इथली संध्याकाळ घालवतेस, ऐन सोसायटीतल्या मुली खाली खेळायला उतरतात तेव्हा. आठवड्यातले तीन दिवस तरी हा क्लास बंद करायला सांग. मी आईला तसं लिहायला तयार आहे.

त्या तीन दिवसांत कोरियन लिहायचं. मामेबहिणीने हसू दे. तू बोलतेस ती घरातली भाषा, जवळच्यांशी बोलायची, तिला तुम्ही पानमल म्हणता. कॉलेजात वर्षभर पुढे असलेल्या सनबेशी आणि प्राध्यापकांशी जोन्देमल लागेल. आपल्याकडे 'तू ये' आणि 'आपण यावं' यात जेवढं अंतर, तेवढंच. रोज आजीला, म्हणजे तुझ्या हाल्मोनीला, आदरार्थी पाच वाक्यांचा निरोप पाठव, आणि चुका तिलाच दाखवायला सांग. आज्यांना हे काम फार आवडतं. कोरियनमधले 'ॲ' आणि 'ए' कानाला सारखेच लागतात म्हणून तुझा गोंधळ होतो ना? आमची अर्धी मुलं पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीत अशीच अडकतात, आणि ती इथेच जन्मलेली असतात. जोडीला टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या वरच्या पातळीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडव. त्यात शेवटी ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध असतो. तो तासाभरात, कुणाला न विचारता लिहिता आला, की समज तिथल्या वर्गात बसता येईल.

आता वेबटून. मी चित्रांतली जाणकार नाही, पण वाचक आहे. भाजीवाल्या मावशींची ती चौकट मी मैत्रिणीला दाखवली. मावशी म्हणतात, 'चायना, कोथिंबीर देऊ?' आणि ती मुलगी, म्हणजे तूच, म्हणतेस, 'मावशी, कोरिया. आणि जुडी दहाला द्या.' जुडी एवढी मोठी काढलीस की मावशींचं फक्त नाक दिसतं. आम्ही दोघी हसलो आणि मग जरा गप्प झालो. दहा वर्षं एकाच ठेल्यावर भाजी घेणाऱ्या मुलीला अजून 'चायना' म्हणावं, हे आम्हा पुणेकरांना शोभत नाही. पुढच्या चौकटीत आजी फोनवर 'पाप मगॉस्सॉ?' विचारते आणि दारातून शेजारच्या काकू 'जेवलीस का गं?' म्हणतात. दोन्ही वाक्यांचा अर्थ तू कुठेच सांगितला नाहीस, सांगायची गरजही पडली नाही. ही समज क्लासमध्ये शिकवत नाहीत.

तरी आईचा 'छंद' हा शब्द मी अगदीच खोडून काढणार नाही. नेव्हर या कोरियन इंटरनेट कंपनीने २००४ मध्ये वेबटून सुरू केलं, तेव्हापासून तो तुमच्याकडे मोठा धंदा झालाय, आणि धंदा म्हटला की दर आठवड्याला एक भाग द्यावाच लागतो. गोष्ट लिहिणारा, रेषा काढणारा, रंग भरणारा, मागची इमारत उभी करणारा अशी माणसं वेगळी असतात. तुझ्या रेषेपेक्षा तुझे संवाद मला जास्त चांगले वाटले, तेव्हा लेखनाकडेही बघ. इछनच्या छंगकांग कॉलेजात हा विषय रीतसर शिकवतात, सेऊलच्या सेजोंग विद्यापीठातही ॲनिमेशनचं शिक्षण आहे. चित्रकलेच्या जागांना बहुतेक ठिकाणी हाताने काढून दाखवायची परीक्षा असते. सध्या एकच कर : दर रविवारी एक भाग, सलग बारा रविवार. बाराव्या रविवारी कंटाळा आला असेल तर आईचं बरोबर, नाहीतर तिलाच पुन्हा वाचायला दे.

सायन्स नको. फिजिक्स आवडतं असं तू पत्रभर कुठेही लिहिलेलं नाहीस. आर्ट्स घे, पण गणित सोडू नकोस. उद्या चित्रांऐवजी अर्थशास्त्र किंवा व्यवस्थापनाकडे वळावंसं वाटलं तर ते हाताशी हवं.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि या मार्गाचे अर्ज साधारण जुलैत भरतात, म्हणजे कागदांना हातात जेमतेम दोन महिने. गुणपत्रिका आधी राज्य सरकारकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्यावा लागतो. पहिलीपासूनचे शाळेचे दाखले आत्ताच गोळा करायला लाग. शाळा बदलली असशील तर जुन्या शाळेतल्या क्लार्ककाकांना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठ. तिथलं कॉलेज मार्चमध्ये सुरू होतं, तेव्हा मधले काही महिने मोकळे मिळतील. आणि पुढेही पुण्यातच शिकायचं ठरलं तर विद्यार्थी व्हिसा लागेल आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी असते, ती जास्त असते. बाबांनी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात आधी चौकशी करून ठेवावी.

पुढचा भाग पाठव. आणि हो, मावशींच्या चौकटीत 'पीशवी' लिहिलंयस. पहिली वेलांटी गं.